सुई बदलली की आवाज बदलतो : रेकॉर्डच्या खाचेचं गणित आणि त्यातली गृहीतकं

पीएच.डी.च्या मुलाखतीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुमचं मॉडेल नेमकं काय गृहीत धरतं?" बहुतेक जण समीकरणं सांगायला लागतात. समीकरणं कुठल्याही पुस्तकात असतात. समितीला ऐकायचं असतं ते वेगळंच. जी गोष्ट तुम्ही कुठेही लिहिलेली नाही, पण जिच्यावर तुमचं सगळं काम उभं आहे, ती तुम्हाला माहीत आहे का?

या प्रश्नाचं महत्त्व समजून घ्यायला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ग्रामोफोनच्या रेकॉर्डचं. ज्या काळ्या तबकड्या आजोबांच्या कपाटात असायच्या, त्यांच्यावरची खाच कागदावर, मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये आणि शेवटी सॉफ्टवेअरमध्ये 'वाजवून' बघण्याचा उद्योग गेली ऐंशीहून जास्त वर्षं चालू आहे. या काळात गणित फारसं चुकलेलं नाही. घोळ झाले ते गणिताच्या बाहेर, गृहीतकांत. त्यातला एक घोळ एवढा मोठा होता की एका पुरुषाचा आवाज जगाने वर्षभर मुलीचा म्हणून ऐकला.

आपण क्रमाने जाऊ.

छिन्नी आणि गोळा

आधी थोडी भूमिती. रेकॉर्ड तयार होताना मूळ तबकडीवर खाच कोरणारं हत्यार छिन्नीसारखं असतं. त्याचा समोरचा भाग सपाट आणि कडा धारदार. आवाजाच्या लहरीनुसार ते हलतं आणि मऊ लाखेत नागमोडी खाच पडते. वाजवताना मात्र त्या खाचेत छिन्नी घालून चालणार नाही, कारण ती पुन्हा कोरायला लागेल! म्हणून वाजवणाऱ्या सुईचं टोक गोल असतं. जुन्या एलपीसाठी हे टोक साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येचं असायचं, नंतर स्टिरिओसाठी १८ मायक्रॉनच्या आसपास आलं.

धारदार कडेने काढलेली रेघ गोळ्याने वाचायची, इथेच सगळा प्रश्न सुरू होतो. उंचसखल रस्त्यावरून मोठं चाक घरंगळत नेलं तर चाकाचा मध्य रस्त्याचा आकार जसाच्या तसा गिरवत नाही. उंचवट्यावर त्याची वाट रुंद आणि गोलसर होते, खळग्यात ती टोकदार होते. चढावर चाक मधोमध टेकत नाही, थोडं पुढच्या बाजूला टेकतं. म्हणजे चढ येण्याआधीच चाक वर उचललं जायला लागतं. गणितात या वाटेला मूळ वक्राचा 'समांतर वक्र' म्हणतात. मूळ वक्र शुद्ध साइन लहर असली तरी समांतर वक्र शुद्ध साइन नसतो. त्यात दुप्पट वारंवारतेचा एक जादा स्वर मिसळतो, त्याला आपण दुसरा हार्मोनिक म्हणतो. या बिघाडाला इंग्रजीतलंच नाव रूढ आहे, ट्रेसिंग डिस्टॉर्शन.

हा बिघाड किती मोठा? विकृती लहान असताना एक सोपा नियम मिळतो : दुसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण हे सुईची त्रिज्या गुणिले लहरीचा आयाम, भागिले तरंगलांबीचा वर्ग, याच्या प्रमाणात असतं. कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः काढून बघा, टेलर विस्ताराच्या दोन ओळी लागतात.

आता यात खरे आकडे घालू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १४६ मिलिमीटर, आतल्या शेवटच्या खाचेची सुमारे ६० मिलिमीटर. म्हणजे सुईखालून खाच बाहेर सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने धावते, आत फक्त २१ सेंटिमीटर वेगाने. दहा हजार हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी त्यामुळे बाहेर ५१ मायक्रॉन आणि आत २१ मायक्रॉन. तरंगलांबीचा वर्ग नियमात येत असल्याने तोच स्वर, तोच आयाम आणि तीच सुई असूनही आतल्या खाचेवर बिघाड जवळजवळ सहापट होतो. जुने रसिक "रेकॉर्डच्या शेवटी आवाज फाटतो" म्हणायचे, त्यामागचं एक मोठं कारण हे.

याच गणितातून एक मर्यादाही निघते. खळग्याची वक्रता-त्रिज्या सुईच्या त्रिज्येपेक्षा कमी झाली की गोळा तळापर्यंत पोचतच नाही. १८ मायक्रॉनच्या सुईसाठी, दहा हजार हर्ट्‌झला, बाहेरच्या खाचेत ही वेळ आयाम ३.६ मायक्रॉनच्या वर गेला की येते. आतल्या खाचेत मात्र ०.६ मायक्रॉनलाच येते. त्यापुढे खळग्याच्या तळाशी जे कोरलं आहे ते सुईसाठी अस्तित्वातच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३८ : कागदावरची सुई

हे गणित पद्धतशीरपणे मांडणारा लेख १९३८ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. लेखक होते हार्वर्डचे जॉन पिअर्स आणि फ्रेडरिक हंट. घरंगळणाऱ्या गोळ्याच्या मध्याने काढलेल्या वाटेला त्या काळी 'पॉइड' असं नावही मिळालं. १९४१ मध्ये लुइस आणि हंट यांनी हा सिद्धांत पुढे नेला.

तेव्हा वाद होता तो खाच कशी कोरावी याचा. एडिसनच्या परंपरेत सुई वर-खाली हलायची, बर्लिनरच्या परंपरेत डावी-उजवीकडे. पिअर्स आणि हंट यांच्या हिशेबाने आडव्या हालचालीची बाजू भक्कम केली. आडव्या खाचेत दोन्ही भिंती गोळ्याला विरुद्ध बाजूंनी ढकलतात, त्यामुळे दुसरा हार्मोनिक आपोआप खोडला जातो. त्याची किंमत म्हणजे लहरीच्या प्रत्येक उतारावर खाच किंचित अरुंद होते आणि सुई वर उचलली जाते. एका आवर्तनात दोनदा. पण मोनो पिकअपने वर-खाली हालचालीकडे दुर्लक्ष केलं की झालं.

म्हणजे १९३८ चं उत्तर बरोबर होतं, पण एका न लिहिलेल्या अटीवर : खाचेत एकच चॅनेल आहे.

१९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि ती अट मोडली. स्टिरिओमध्ये खाचेच्या दोन भिंती दोन वेगवेगळे चॅनेल घेऊन जातात, प्रत्येक भिंत ४५ अंशात कललेली. आता प्रत्येक चॅनेलसाठी गोळा एकाच भिंतीवर घरंगळतो आणि दुसऱ्या भिंतीने बिघाड खोडण्याची सोय राहत नाही. वीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न परत दारात उभा राहिला. समीकरणात एक अक्षरही बदललं नव्हतं.

१९६३ : सर्किटमधली सुई

साठच्या दशकात एक धाडसी कल्पना पुढे आली. सुई काय बिघाड करणार हे आपल्याला गणिताने आधीच माहीत आहे. मग खाच कोरतानाच उलटा बिघाड का करू नये? दोन्ही एकमेकांना खोडतील आणि श्रोत्याला शुद्ध आवाज मिळेल. इलिनॉय विद्यापीठाच्या ड्युएन कूपर यांच्यासारखे संशोधक या दुरुस्तीचा सिद्धांत मांडत होते, आणि १९६३ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने 'डायनाग्रूव्ह' नावाने अशा रेकॉर्ड प्रत्यक्ष बाजारात आणल्या. त्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक यंत्राचं काम नेमकं हेच होतं : सुईची वाट आधीच हिशेबात घेऊन कोरणाऱ्या हत्याराला दुरुस्त केलेला सिग्नल देणं. जाहिरातीत याला कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक मेंदू वगैरे म्हटलं गेलं. खाचेचं सिम्युलेशन असं पहिल्यांदा घराघरांत पोचलं.

उलटा बिघाड करायचा तर सुईची त्रिज्या ठरवावी लागते. आरसीएने ०.७ मिल, म्हणजे साधारण १८ मायक्रॉनची गोल सुई गृहीत धरली. त्या वर्षी ही निवड अगदी वाजवी होती.

पण १९६४ पासून शुअर कंपनीच्या व्ही-१५ सारखे पिकअप आले. त्यांच्या सुईचं टोक गोल नव्हतं, लंबवर्तुळाकार होतं. खाचेच्या आडव्या दिशेत रुंद आणि खाचेच्या लांबीच्या दिशेत अरुंद. बिघाड कमी व्हावा म्हणूनच तो आकार होता, कारण आपल्या नियमातली 'त्रिज्या' म्हणजे खाचेच्या लांबीच्या दिशेतली त्रिज्या.

आता हिशेब करा. समांतर वक्राची एक छान गोष्ट अशी की त्यात त्रिज्यांची थेट बेरीज-वजाबाकी होते. खाच कोरताना १८ मायक्रॉनची उलटी दुरुस्ती केली, म्हणजे उणे १८. १८ मायक्रॉनच्या गोल सुईने वाजवलं तर अधिक १८. बेरीज शून्य, उत्तम. समजा एखाद्या लंबवर्तुळाकार सुईची उपयुक्त त्रिज्या ८ मायक्रॉन आहे. साध्या रेकॉर्डवर तिचा बिघाड अधिक ८. दुरुस्त केलेल्या रेकॉर्डवर उणे १८ अधिक ८, म्हणजे उणे १०. चिन्ह बदललं आणि बिघाड वाढला! या सोप्या मॉडेलमध्ये ९ मायक्रॉन ही सीमारेषा आहे. त्याहून बारीक सुईसाठी दुरुस्त केलेली रेकॉर्ड ही दुरुस्त न केलेल्या रेकॉर्डपेक्षा वाईट.

थोडक्यात, ज्याने जास्त पैसे खर्चून चांगली सुई घेतली त्याला जास्त बिघाड ऐकू आला. डायनाग्रूव्हवर आणखीही आक्षेप होते. त्यात मोठ्या-लहान आवाजानुसार खर्जाचा समतोल बदलणारं सर्किट होतं, तेही अनेकांना खटकलं. 'स्टिरिओफाइल' मासिकाचे संस्थापक जे. गॉर्डन होल्ट यांनी तर या पद्धतीविरुद्ध उघड मोहीम उघडली. पण आपल्यासाठी मुद्दा सुईचा आहे. आरसीएचं गणित बरोबर होतं. त्यांनी पुढच्या काळातल्या श्रोत्याची सुई आज ठरवून टाकली आणि ते गृहीतक थेट प्लास्टिकमध्ये छापलं. सॉफ्टवेअर असतं तर एक आकडा बदलून नवीन आवृत्ती काढता आली असती. विकलेली रेकॉर्ड परत कशी घेणार?

आजचा कोड : पाच-सहा ओळी

पिअर्स आणि हंट यांनी मालिका मांडून जे काढलं ते आज लॅपटॉपवर काही मिनिटांत करता येतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी जरूर करून बघावं. पद्धत अशी : खाचेच्या भिंतीची उंची एका अॅरेत घ्या. गोळ्याचा खालचा अर्धा भागही अॅरेत घ्या. प्रत्येक जागी गोळा वरून खाली सोडा आणि तो कुठेही टेकला की थांबवा. म्हणजेच खाचेची उंची अधिक गोळ्याची उंची, याची सुईच्या रुंदीतली कमाल किंमत. तीच त्या जागी सुईच्या मध्याची उंची. ही वाट घेऊन फूरिए रूपांतर केलंत की दुसरा हार्मोनिक डोळ्यांसमोर येतो. नमुन्यांतलं अंतर मात्र सुईच्या त्रिज्येपेक्षा बरंच लहान ठेवा, नाहीतर गोळा पायऱ्यांवरून उड्या मारेल.

इमेज प्रोसेसिंग शिकलेल्यांनी ही क्रिया ओळखली असेल. ही 'डायलेशन' आहे. आणि पदार्थविज्ञान किंवा नॅनो-विषयात काम करणाऱ्यांना तर हा प्रश्न रोज भेटतो. अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपचं टोक पृष्ठभागावरून फिरतं तेव्हा मिळणारं चित्र हे पृष्ठभागाचं नसतं, पृष्ठभाग आणि टोक या दोघांचं मिळून असतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या व्हिलारुबिया यांनी या प्रश्नाचे अल्गोरिदम मांडणारा जो लेख लिहिला, तो आजही या क्षेत्रात वाचला जातो. त्यात टोकाचा परिणाम उलटवायला डायलेशनच्या विरुद्ध क्रिया, 'इरोजन', वापरतात.

पण उलटवणं पूर्ण होत नाही. गोळा एकाच वेळी दोन ठिकाणी टेकला की त्या दोन बिंदूंच्या मधला भाग त्याने पाहिलेलाच नसतो. वर आपण ०.६ मायक्रॉनची मर्यादा काढली ती हीच. तिथली माहिती गोंगाटात लपलेली नाही, ती मोजलीच गेलेली नाही. कितीही हुशार अल्गोरिदम लावा, तो तिथे अंदाजच भरणार. आपल्या प्रबंधात 'पुनर्रचना' हा शब्द वापरण्याआधी यातला किती भाग मोजलेला आणि किती भरलेला, हे वेगळं दाखवता आलं पाहिजे.

२००३ : सुईच नको

मग साहजिक विचार येतो, सुईच काढून टाकली तर? खाचेचा फोटो काढायचा आणि आवाज हिशेबाने काढायचा. २००२ च्या सुमारास इस्रायलमधल्या एका विद्यार्थ्याने साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर एलपी ठेवून हा प्रयोग केला. गाणं ओळखू येत होतं, पण खरखर प्रचंड. का, ते आकडे सांगतात : इंचाला २४०० ठिपके टिपणाऱ्या स्कॅनरचा एक ठिपका साडेदहा मायक्रॉनचा होतो, आणि आपल्याला हव्या असलेल्या हालचाली मायक्रॉनच्या आसपासच्या.

याच काळात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव हे कणभौतिकीचे संशोधक सर्नच्या अॅटलस प्रयोगासाठी सिलिकॉन डिटेक्टरवर काम करत होते. डिटेक्टरचे भाग नेमक्या जागी बसलेत का हे तपासायला त्यांच्याकडे अचूक प्रकाशीय मोजमाप यंत्रं होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नाजूक अवस्थेबद्दल हेबर यांनी रेडिओवर ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की खाचेची कड शोधणं आणि डिटेक्टरमधल्या कणाची वाट शोधणं हे जवळजवळ एकच काम आहे. दोन्हीकडे गोंगाटातल्या ठिपक्यांतून एक सलग रेघ काढायची असते. २००३ मध्ये त्यांचा लेख आला. त्यांनी घेतलेल्या रेकॉर्डपैकी एक होती 'द वीव्हर्स' यांची १९५० ची 'गुडनाइट आयरीन'. त्यावरूनच पुढे या यंत्रणेला 'आयरीन' नाव पडलं. भारतात चेन्नईच्या रोजा मुथय्या रिसर्च लायब्ररीतही ही यंत्रणा पोचली.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. फुटलेली, सुईचा भार सहन न होणारी तबकडीसुद्धा वाचता येते. ओरखडा आला तर त्या जागी खाचेची रुंदी अचानक बदलते, म्हणून तेवढे बिंदू ओळखून गाळता येतात.

मग आता गृहीतक उरलं नाही का? उरलं, फक्त जागा बदलली. खाचेची कड म्हणजे नेमकी कुठली ओळ, हे प्रोग्राम ठरवतो. चुंबकीय पिकअप खाचेच्या स्थितीला नाही तर वेगाला प्रतिसाद देतो, त्यामुळे मिळालेल्या वक्राचं विकलन करावं लागतं आणि विकलनात बारीक गोंगाट फुगतो. तो किती गाळायचा, हे कुणीतरी ठरवतं. शिवाय खऱ्या सुईचा एक अवगुण तिचा गुणही होता : ती वाटेतली धूळ बाजूला ढकलते आणि तिच्या गोळ्याखाली न मावणारे बारीक खड्डे तिला दिसतच नाहीत. प्रकाशाला धूळही दिसते आणि खड्डेही. म्हणून खाचेच्या त्रिमितीय नकाशावर पुन्हा एक आभासी गोळा घरंगळवायची कल्पना तितकीशी उफराटी नाही. फरक एवढाच की आता त्रिज्या आपल्या हातात आहे, आणि ती किती घेतली हे आपण लिहून ठेवू शकतो.

२००८ : एका काट्याचा हिशेब

शेवटचं उदाहरण रेकॉर्डच्याही आधीचं आहे. एदुआर-लेओं स्कॉट द मार्टिनव्हिल या पॅरिसच्या गृहस्थांनी १८५७ मध्ये 'फोनोटोग्राफ'चं पेटंट घेतलं. काजळी फासलेल्या कागदावर एक बारीक केस आवाजाची रेघ ओढायचा. ही रेघ परत वाजवायची होती असं नव्हे. आवाज डोळ्यांनी बघावा, एवढाच हेतू. ९ एप्रिल १८६० रोजी त्यांनी 'ओ क्लेर द ला ल्यून' या फ्रेंच लोकगीताचा एक तुकडा असा नोंदवला. एडिसनच्या फोनोग्राफच्या सतरा वर्षं आधी.

२००८ मध्ये 'फर्स्ट साउंड्स' या अमेरिकेतल्या गटाने पॅरिसमध्ये या कागदांचे स्कॅन मिळवले आणि बर्कलीत त्या रेघेचा आवाज झाला. हाताने फिरवलेल्या दांड्यामुळे वेग सारखा कमीजास्त होत होता. पण स्कॉटने आवाजाच्या रेघेशेजारी नादकाट्याची रेघही ओढून ठेवली होती. नादकाट्याची वारंवारता स्थिर असते, म्हणून ती रेघ पट्टीसारखी वापरून वेग सरळ करता आला. मोजमापाच्या शेजारीच कॅलिब्रेशन ठेवणारा १८६० चा हा माणूस मला फार आवडतो.

आणि तरीही पहिल्या वेळी आवाज आला तो एखाद्या तरुण मुलीचा. जगभरच्या वर्तमानपत्रांत तसंच छापून आलं. २००९ मध्ये त्याच गटाने दुरुस्ती जाहीर केली : वाजवण्याचा वेग दुप्पट धरला गेला होता. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच लोक कंपनं मोजताना अर्धं आवर्तन, म्हणजे एका बाजूची एक फेरी, हे एक कंपन धरत. नादकाट्याची ५०० 'साधी' कंपनं म्हणजे आजच्या हिशेबाने २५० हर्ट्‌झ. वेग निम्मा केल्यावर मुलगी नाहीशी झाली आणि एक पुरुष संथ, जवळजवळ एकेक स्वर तोलत गाताना ऐकू आला. बहुधा तो स्कॉट स्वतःच होता.

सॉफ्टवेअर दोन्ही वेळा तेच होतं, कागदही तोच. चूक 'कंपन' या शब्दाच्या अर्थात होती, आणि ती सापडली जुन्या विज्ञानाचा इतिहास वाचून.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. फ्रेड गैसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासूनच्या कितीतरी तबकड्यांना आपण सरसकट '७८ ची रेकॉर्ड' म्हणतो. पण सुरुवातीच्या काळात कापणारं यंत्र नेमकं ७८ फेऱ्यांनी फिरायचंच असं नव्हतं. एखादी तबकडी ७३.६ फेऱ्यांनी कापलेली असेल आणि आपण ती ७८ ने वाजवली तर गाणं बरोबर एका अर्धस्वराने चढतं. काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोनची होते, ताना वेगवान होतात, आवाज कोवळा होतो. आणि मग त्या रेकॉर्डवरून कुणीतरी "त्या काळचे गायक वरच्या पट्टीत गात" असा निष्कर्ष काढतो. इथे शेजारी नादकाट्याची रेघ नाही. साथीला हार्मोनियम असेल तर तिचा आधार घेता येईल, पण तीही आजच्या ४४० हर्ट्‌झच्या मापाला लावलेली होती हे कशावरून? त्यासाठी मुद्रणाच्या नोंदी, त्याच गायकाच्या इतर तबकड्या, वाद्यांची माहिती हे सगळं एकत्र आणावं लागतं. जुन्या नाट्यसंगीतावर किंवा ख्यालावर संगणकीय काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हा प्रबंधाचा विषय आहे, फक्त 'प्रीप्रोसेसिंग' या मथळ्याखाली उरकायची पायरी नाही.

मुलाखतीच्या खोलीत परत

या इतिहासातून मी माझ्यासाठी तीन प्रश्न काढलेत. प्रत्येक नवीन कोडच्या सुरुवातीला ते टिप्पणी म्हणून लिहून ठेवते.

एक, माझ्या मॉडेलमधली 'सुई' कुठली? म्हणजे मोजणारं किंवा वाचणारं साधन कसं आहे असं मी धरलंय, आणि ते उद्या बदललं तर निकालाचं चिन्ह बदलेल का?

दोन, माझ्या उत्तराचा कुठला भाग मोजलेला आहे आणि कुठला भरलेला?

तीन, माझं एकक, माझी पट्टी, ज्याने ती पट्टी बनवली त्याच्या भाषेत काय म्हणते?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोड चालवून मिळत नाही. पहिल्यासाठी साधन वापरणाऱ्या माणसांशी बोलावं लागतं, दुसऱ्यासाठी गणित हाताने करावं लागतं आणि तिसऱ्यासाठी जुने कागद वाचावे लागतात. 'फर्स्ट साउंड्स'च्या लोकांनी जगभर गाजलेला आपला निकाल वर्षभरात स्वतःच बदलला, कारण नादकाट्याच्या एका आकड्याकडे ते परत वळले. तुमच्या प्रस्तावात असा कुठला आकडा आहे, जो तुम्ही कुठल्यातरी लेखातून उचलला आणि पुन्हा तपासला नाही? मुलाखतीच्या आधी तो शोधून ठेवा. समिती बहुधा त्याच्याबद्दलच विचारेल.